ताइता फॉर्तुनातोच्या नावावरची चूक

ताइता फॉर्तुनातोला जाऊन वर्ष झालं त्या दिवशी चर्चमधली मिस्सा आटोपली आणि रेडिओवाल्यांनी चौकात माइक लावला. ज्याला ताइताची आठवण सांगायची असेल त्यानं यावं, बोलावं, सगळं खोरं ऐकतंय. सकाळचे दहा वाजले होते आणि रांग पावाच्या भट्टीपर्यंत गेली होती. त्या रांगेत मीही होते. मी नेलिदा, चीज विकते, बाजारात तोंडाची फटकळ म्हणून मला सगळे ओळखतात.

आमच्याकडे, पेरूच्या डोंगरात, बापाला ताइता म्हणतात. फॉर्तुनातोला अख्खं मांतारो खोरं ताइता म्हणायचं. रोज पहाटे पाचला तो रेडिओवर ओरडायचा, "उठा रे आळशांनो! बटाटे काय आपल्या पायांनी चालत घरी येणार आहेत?" मग हार्प आणि सॅक्सोफोनची आमची डोंगरी गाणी लागायची, आणि दोन गाण्यांच्या मध्ये निरोप. वरच्या गावांत तेव्हा फोन कुठले! लिमाला गेलेली पोरं, खाणीतले नवरे, सगळे बसवाल्याच्या हाती चिठ्ठी द्यायचे. बसवाला ती रेडिओ केंद्रात टाकायचा आणि ताइता ती सांगायचा. सांगताना भाजका मका कुडुमकुडुम चावायचा. रेडिओचा मालक वैतागायचा, पण लोकांना तो आवाज आला नाही तर चैन पडायची नाही.

माझ्याआधी बसड्रायव्हर रोसेन्दो बोलला. "मला रोज सांगायचा, रोसेन्दो, त्या वळणावर हळू घे, बायको वाट बघतेय. अरे, माझं तर लग्नच झालं नव्हतं! पण बिशाद होती का जोरात घ्यायची?" लोक हसले. मग एक म्हातारी म्हणाली, "माझ्या लेकाच्या चिठ्ठीत एकच ओळ असायची, मी बरा आहे. ताइता मात्र सांगायचा, आईचे गुडघे कसे आहेत विचारतोय, सूप पिते का विचारतोय. कार्टा मेला तसला नव्हताच. मला कळत होतं हो. पण ऐकायला गोड वाटायचं." कुणी त्याच्या चष्म्याची आठवण काढली. पुढे पुढे चष्मा लावून बसायचा आणि काच पुसायच्या निमित्तानं निम्मा वेळ तो हातातच असायचा. सगळ्यांना भारी कौतुक त्या चष्म्याचं.

आता जे सांगते ते गावात कुणाला ठाऊक नाही. तुम्ही लांबची माणसं, म्हणून सांगते. ताइताला वाचताच येत नव्हतं.

लहानपणी तो वर माळावर मेंढ्या राखायचा. शाळा कसली आणि काय! पुढे खाली येऊन पावाच्या भट्टीत लागला, टोपली डोक्यावर घेऊन गल्लीगल्लीत पाव विकायला लागला. त्याची ती हाळी ऐकून रेडिओच्या मालकानं त्याला वर बोलावलं. केंद्र भट्टीच्याच माडीवर होतं. आधी पावाची जाहिरात ओरडायला ठेवला, मग गाण्यांना. निरोप सुरू झाले तेव्हा पंचाईत झाली. म्हणून त्यानं मला ठेवून घेतलं. मी शाळा शिकलेली, बावीस वर्षांची, भट्टीवाल्याची भाची. गाणं चालू असताना मी चिठ्ठी त्याच्या कानाशी वाचायची, तो डोळे मिटून ऐकायचा, आणि गाणं संपलं की शब्द न् शब्द बोलायचा. मालकाला वाटायचं मी चहा द्यायला बसते.

आणि मी काय केलं? सांगायला जीभ रेटत नाही. पण सांगते.

तेओदोमिरो नावाचा पोरगा होता. आनंदी गडी, खाणीत कामाला, आईबाप डोंगराआड, जिथं आमचा रेडिओ लागायचा नाही. कार्निव्हलला माझ्याबरोबर दोन दिवस नाचला, आणि मी वेडी मनातल्या मनात लग्न लावून मोकळी झाले. तो मात्र युफ्रासियात गुंतला होता. युफ्रासिया पलीकडच्या वस्तीवरची, माझ्याच वर्गातली. एका पहाटे त्याची चिठ्ठी माझ्या हातात आली. या रविवारी मागणी घालायला येतोय, असं युफ्रासियाच्या घरी कळवायचं होतं.

आमच्याकडे मुलाची माणसं मागणीला येतात ती तिन्हीसांजेला, पाव, दारू आणि वाजंत्री घेऊन. मुलीच्या घरी चूल पेटलेली पाहिजे, ताट तयार पाहिजे. दार बंद आणि घर अंधारात असेल तर ते नाही म्हणणं झालं. आणि बंद दारावरून परतलेली माणसं त्या दारी पुन्हा जात नाहीत. पोटचं पोर पायावर पडलं तरी नाही.

मी ताइताच्या कानाशी वाचलं, "या रविवारी जमत नाही, पुढच्या रविवारी येतो."

ताइता तसंच बोलला. वर आपल्या मनानं दोन गोड शब्द घातले. युफ्रासियाच्या घरचे खूश झाले आणि रविवारी सगळे वर बटाटे काढायला गेले. संध्याकाळी तेओदोमिरोची माणसं कुलपासमोर उभी राहिली. आत नुसतं कुत्रं भुंकत होतं. सगळी गल्ली बघत होती. वाजंत्री एक सूरही न काढता परत गेले. पुढच्या आठवड्यात तेओदोमिरो खाणीवर गेला तो गेलाच. तिकडेच कुणाशी तरी लग्न केलं म्हणे. माझ्याकडे त्यानं ढुंकूनही पाहिलं नाही, हेही सांगून टाकते. मला काडीचाही फायदा झाला नाही.

रेडिओवर काय सांगितलं गेलं ते कळल्यावर तेओदोमिरोचा बाप केंद्रावर भांडायला आला. "चिठ्ठी दाखव!" म्हणाला. चिठ्ठ्या रोज भट्टीत जाळायच्या. ताइतानं एकदा माझ्याकडे पाहिलं. माझा चेहरा कसा झाला असेल देव जाणे. त्याला सगळं कळलं. तो म्हणाला, "माझ्या डोळ्यांचा दोष. मीच चुकीचं वाचलं." दुसऱ्या दिवशी माइकवरही तेच बोलला, सगळ्या खोऱ्यासमोर. तेव्हापासून तो चष्मा आला, बिननंबराचा.

मी रडत त्याच्याकडे गेले. तो म्हणाला, "पोरी, बोललो मी. मग चूक कुणाची?" आणि चिठ्ठ्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवला. "वाच. पहिलं गाणं संपत आलंय." पुढं नऊ वर्षं, गावांत फोन येईपर्यंत, मी वाचत होते. एकदाही त्यानं "नीट बघ" म्हटलं नाही, "परत वाच" म्हटलं नाही. त्यानं चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

चौतीस वर्षं मी स्वतःची समजूत घालत आले, मी बोलले तर ताइताचं बिंग फुटेल, त्याच्यासाठी मी मूग गिळून बसलेय. कसलं त्याच्यासाठी आणि काय! स्वतःची कातडी वाचवत होते मी.

तर त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे एक बाई उभी होती. तिनं माइक हातात घेतला तेव्हा ओळख पटली. युफ्रासिया. नंतर तिनं एका विधुराशी संसार केला, तोही गेला. केस पांढरे झाले होते. मला वाटलं, जमीन फाटावी आणि मी आत जावं.

ती म्हणाली, "माझ्याकडे गोड आठवण नाही. ताइतानं माझा निरोप चुकवला हे म्हाताऱ्यांना माहीत आहे. त्या रागात मी भर बाजारात त्याच्या तोंडावर थुंकले होते. त्यानं बाहीनं तोंड पुसलं आणि म्हणाला, बाळ, जेवलीस का? डोळे अधू असलेल्या माणसावर मी थुंकले. त्याची माफी मागायची राहिली. आज मागते. ताइता, चुकलं माझं."

लोक डोळे पुसायला लागले. निवेदक विल्बर म्हणाला, "वा, युफ्रासियाआई! आता पुढच्या बाई." आणि माइक माझ्या हातात आला.

मला वाटलं, चीजची गंमत सांगावी आणि सुटावं. फुकट चीज खायचा, म्हणावं. तोंड उघडलंही होतं. पण ती तिथेच उभी होती, रुमालात नाक पुसत, माझ्या पापाची माफी मागून.

मी म्हणाले, "ताइता चुकला नव्हता. मी चुकीची चिठ्ठी त्याला दिली. खरी मी लपवली. तेओदोमिरो मला हवा होता म्हणून." एवढंच. ताइताला वाचता येत नव्हतं ही गोष्ट मी माझ्यापाशीच ठेवली. ते सांगायची गरजच पडली नाही, आणि एवढं मला चौतीस वर्षांत कधीही करता आलं असतं.

विल्बर बिचारा गाणं लावावं की काय करावं या विचारात.

युफ्रासिया जवळ आली. मला वाटलं, आता माझ्या तोंडावर थुंकते, आणि थुंकावं असंच वाटत होतं. तिनं विचारलं, "काय लिहिलं होतं त्यानं?"

"म्हणजे?"

"चिठ्ठीत. तुला आठवत असेलच. सांग."

आठवत होतं. विसरेन कशी! मी सांगायला लागले. "युफ्रासिया, मी रविवारी आईबापाला घेऊन येतोय. तुझ्या बापाला सांग, मी खाण सोडतोय, इथेच शेती करीन. तू लाल शाल घाल. मला भीती वाटतेय, दारात तूच आधी ये."

तिनं शेवटपर्यंत ऐकलं. माइक अजून चालूच होता, सगळं खोरं ऐकत होतं. मग ती हळूच, जणू चीजचा भाव विचारावा तशी म्हणाली, "हे मला ताइताच्या आवाजात ऐकायचं होतं, नेलिदा."

आणि शाल सावरून घराकडे चालायला लागली. मी "युफ्रासिया, थांब गं" म्हणाले, तेही रेडिओवर गेलं.