लेआउटमधले पाहुणे

आमच्या लेआउटमध्ये 'बिबट' म्हणायला बंदी आहे. बिबट यायला नाही, नुसतं म्हणायला. ही बंदी रीतसर सभा भरवून, चहा-बिस्किटं खाऊन, हात वर करून घातलेली आहे. त्या सभेला मी स्वतः हजर होते म्हणून सांगते आहे. दुसऱ्या कोणी सांगितलं असतं तर माझा विश्वास बसला नसता.

गडचिरोलीच्या कडेला धानाची शेतं मोडून जी लेआउटं पडली, त्यातलंच हे एक. शेवटच्या ओळीत माझं घर, त्याला लागून माझ्या शेजारणीचं. आमच्या मागे एक अरुंद गल्ली, मग एक मोठा रिकामा प्लॉट, मग नाला, आणि नाल्यापलीकडे जंगल. इतक्या जवळ राहायचं तर जनावर दिसणार, हे इथे कोणाला समजवावं लागत नाही. डुकरं येतात, कुत्र्यांच्या वासावर बिबट येतो. दिवेलागणीला लोक पोरांना आत घेतात आणि अंगणातला दिवा लावतात.

खरं दुखणं होतं तो रिकामा प्लॉट. नागपूरच्या कुणा गृहस्थाने तो घेऊन ठेवलाय. बांधत नाही, विकत नाही, साफही करत नाही. भाव वाढू द्या, म्हणतो. भावाचं मला माहीत नाही, पण तरोटा दरवर्षी पुरुषभर वाढतो आणि रायमुनियाच्या झुडपांचं रान असं माजलंय की आत हत्ती बसला तरी दिसायचा नाही. आमच्या रहिवासी समितीने त्याला फोन करून करून पाहिलं. शेवटी त्याने फोन उचलणंच सोडलं.

मग एकदा कोणीतरी भिंतीवर बसलेल्या बिबट्याचा फोटो लेआउटच्या ग्रुपवर टाकला. तो फोटो कुठून कुठे फिरत गेला. ती भिंत नेमकी विकायला काढलेल्या घराची होती. आरमोरीचं गिऱ्हाईक जवळजवळ ठरलं होतं, ते फिरकलंच नाही. घरमालक तणतणत समितीकडे गेला आणि सभा बोलावली गेली.

समितीचे अध्यक्ष म्हणजे फार भला माणूस. माझे यजमान शेवटच्या आजारात असताना त्यांच्या उशाशी बसून राहिलेला. गल्लीत दिवे आणले ते त्यांनीच, नळाचा प्रश्न सोडवला तोही त्यांनीच. त्यांनी सभेत शांतपणे मांडलं की जनावर दिसलं तर एकमेकांना कळवायचंच, पण नाव लिहायचं नाही. ग्रुपवरचं बाहेर जातं आणि घरं पडून राहतात. मग लिहायचं काय, असं एकाने विचारलं. 'पाहुणे' लिहा, ते म्हणाले. पाहुणे आले, पाहुणे गेले. सगळे खो खो हसले.

मी उभी राहिले. म्हटलं, आपल्याकडे म्हातारी माणसं रानात वाघाचं नाव घेत नाहीत ती भीतीपोटी, आणि आपण नाव गिळणार ते प्लॉटच्या भावापोटी, हे काही मला बरं वाटत नाही. लोकांना वाटलं मॅडमनी गंमत केली. टाळ्या पडल्या. शाळेत इतकी वर्षं घालवली, पण माझ्या रागावर टाळ्या पडल्याचं ते पहिलंच उदाहरण.

त्यानंतर ग्रुपवर पाहुण्यांची वर्दळ सुरू झाली. 'पाहुणे नाल्याकडून.' 'पाहुणे पाण्याच्या टाकीजवळ.' अमरावतीची माझी बहीण राहायला आली होती, तिने माझा मोबाईल पाहिला आणि म्हणाली, तुमच्याकडची माणसं फारच बाई आतिथ्यशील. मी कपाळाला हात लावला. पण वाईट काही झालं नव्हतं, त्यामुळे हळूहळू मलाही त्या शब्दाची सवय झाली.

माझी शेजारीण पन्नाशीची. नवरा गडचांदूरला सिमेंटच्या कारखान्यात, सुट्टीला येतो. घर तीच चालवते, भाजीचा वाफा तीच करते, आणि माझ्या घरी दूध उतू गेलं तर तिला वासावरून कळतं. मुलगी एकच, शिकलेली, लग्नाची. त्या वर्षी माघात पोंभुर्ण्याहून एक स्थळ मुलगी पाहायला येणार होतं. मुलगा चांगला, माणसं साधी, असं कळलं होतं. मुलीच्या बापाला त्या दिवशी सुट्टी मिळाली नाही, तो दुसऱ्या दिवशी येणार होता. त्याच्या जागी मोठं माणूस म्हणून मी.

ते चारला येणार होते. पाच वाजले, साडेपाच वाजले. मधल्या रस्त्यात रेंज नसते, फोन लागेना. मुलगी साडी नेसून खुर्चीच्या टोकावर बसलेली. मी स्वयंपाकघरात पोहे भिजवावेत की नाही या विचारात. माझा मोबाईल माझ्या घरी, चार्जिंगला. शेजारीण दारातून अंगणात आणि अंगणातून दारात. पाय धुवायला पाण्याचा तांब्या भरून तिने उंबऱ्याशी ठेवला होता, तोही दोनदा उचलून पुन्हा ठेवला. बाहेर अंधारून आलं.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिने वाचलं आणि तिचा चेहरा उजळला.

"बाई, पाहुणे आले वो. मांगच्या गल्लीत गेले, रस्ता चुकले वाट्टे."

रस्ता चुकणं आमच्याकडे रोजचंच. मोबाईलवर पत्ता पाहून येणारा प्रत्येक जण आधी मागच्या गल्लीत घुसतो. मी गॅस पेटवला. तिने डोक्यावर पदर घेतला, एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात मोबाईलचा उजेड, आणि परसदाराने लगबगीने गेली. त्या दिवशी त्या घरात पाहुणे या शब्दाला एकच अर्थ होता. ग्रुपवर टाकणारा होता कोपऱ्यावरच्या घरातला माणूस, आणि त्याने नेहमीसारखंच लिहिलं होतं: पाहुणे आले, मागची गल्ली.

मला तिचा आवाज ऐकू आला. अंधारात, हसऱ्या आवाजात ती बोलावत होती, "या ना, इकून या, इकून."

ती कोणाला या म्हणत होती, ते आम्हा दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मग तांब्या पडल्याचा आवाज, आणि एक किंकाळी. मी परसदारातून धावले तेव्हा ती गल्लीत पालथी पडली होती, दोन्ही हातांनी डोकं धरून. मोबाईल बाजूला, त्याचा उजेड आकाशाकडे. बिबट मला दिसला नाही. रायमुनिया तेवढी हलत होती, आणि मग तीही थांबली. तिच्या डोक्यावरची कातडी कानामागून सुटली होती, खांदा फाटला होता. पोह्याचं भांडं पुसायचा पंचा माझ्या हातातच होता, तो मी तिच्या डोक्यावर दाबून धरला.

त्याच वेळी पुढच्या दाराशी गाडी थांबली. पोंभुर्ण्याची माणसं. टायर फुटला म्हणून उशीर झाला, असं सांगत ती आत आली आणि उघड्या परसदारातून समोर हे दृश्य. मुलाच्या वडिलांनी एक शब्द विचारला नाही. होणाऱ्या विहीणबाईंना त्यांनी दोघांच्या मदतीने उचललं आणि आपल्याच गाडीत घातलं. मुलगी मागच्या सीटवर आईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. नवी साडी दवाखान्यात पोचेपर्यंत रक्ताने कडक झाली.

टाके बरेच पडले, पण जीव वाचला. डॉक्टरांनी धोका नाही म्हटल्यावर ती माणसं निघाली. निघताना मुलाचे वडील माझ्यापाशी आले. मुलगी अजून आईचा हात धरून उभी होती. ते म्हणाले, "आमची पोरगी पाहून झाली बाई. आमच्याकडून पक्कं समजा." मी तिथेच, दवाखान्याच्या ओसरीत रडले. दिवसभरात तेवढंच काय ते माणसासारखं घडलं होतं.

सकाळी अध्यक्ष आले. सोबत समितीचे आणखी एक, हातात सफरचंदांची पिशवी. तोवर शेजारणीचा नवराही रात्रपाळीवरून गडचांदूरची पहिली बस पकडून येऊन बसला होता. अध्यक्षांनी तिची विचारपूस केली, डोळ्यांत पाणी आणलं, आणि ते पाणी खोटं नव्हतं. मग स्टूल जवळ ओढून ते हळू आवाजात म्हणाले, "वनविभागाचे लोक बयान घ्यायला येतील. कुंपणाची तार लागली म्हणून सांगा. दवाखान्याचं आम्ही सारे मिळून पाहतो."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. कोणती तार, असं मी विचारलं. तार कशी लागते आणि पंजा कसा लागतो, यातला फरक न कळायला काय झालं. त्यांनी मला समजावलं, एखाद्या हट्टी पोराला समजवावं तसं. पंचनामा झाला की पेपरात लेआउटचं नाव येणार. तीन घरं विकायला काढलेली, एकाचं कर्ज बँकेत अडकलेलं. मॅडम, तुमचंही घर तिथेच आहे, असंही त्यांनी जोडलं. माझ्या यजमानांच्या उशाशी बसलेला हाच माणूस, हाच आवाज.

पण त्याहून मोठा धक्का पुढे होता. मला वाटलं, आता हिचा नवरा यांना बाहेर काढेल. तो उठला, बायकोच्या न दुखावलेल्या हातावर हात ठेवला आणि म्हणाला, "तार लागली म्हनून सांगू. पोरीचं लगन आहे."

घराशेजारचा अर्धा प्लॉट विकून तो मुलीचं लग्न करणार होता. गिऱ्हाईक बोलून गेलं होतं, हे मला नंतर कळलं. त्याने रागावून सांगितलं असतं तर मी भांडले असते. पण तो मायेने म्हणाला. मी एवढंच म्हटलं की त्या गल्लीतून पोरं शिकवणीला जातात. मुलगी भिंतीला टेकून उभी होती, तिने मान खाली घातली. तिच्या लग्नासाठी तिच्या आईच्या अंगावरचे पंजे तारेचे ठरत होते, आणि ती काय बोलणार.

थोड्या वेळाने वनरक्षक आली. तरुण मुलगी, खाकी कपड्यांत, हातात पेन. तिने विचारलं, काय झालं होतं. अध्यक्ष खिडकीबाहेर बघू लागले. नवऱ्याने घसा खाकरला. पण त्याच्या आधी शेजारीण बोलली. हनुवटीपर्यंत पट्टी होती, एकेक शब्द दुखत होता.

"बिबट होता. मांगच्या प्लॉटात राह्यते तो. साऱ्यायले माहीत हाय."

नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं. तिने त्याच्याकडे मान वळवली, जेवढी वळेल तेवढी.

"लगन कसंबी होते. मले त्या घरात राहाचं हाय."

पंचनामा झाला. पिंजरा लागला, एक बिबट धरून दूर नेला. पेपरात बातमी आली, लेआउटच्या नावासकट. अर्ध्या प्लॉटचं गिऱ्हाईक अर्थातच गेलं. लग्न त्या उन्हाळ्यात पोंभुर्ण्याच्या माणसांनी आपल्या अंगणात साधेपणाने लावून घेतलं, आणि मुलगी सुखात आहे. नागपूरच्या प्लॉटमधलं रान मात्र आहे तिथेच आहे. एक बिबट गेला की काही दिवसांनी दुसरा येतो.

लग्नानंतर एका सकाळी शेजारीण मोबाईल घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, माझ्या मोबाईलले काहीच येऊन नाई राह्यलं, बिघडला का वो? मी चष्मा लावून पाहिलं. मोबाईल ठणठणीत होता. तिला ग्रुपमधून काढलं होतं, आणि तेही ती दवाखान्यातून घरी आली त्याच आठवड्यात. रानाच्या तोंडावर ज्या बाईचं घर, जिच्या डोक्यावर टाक्यांच्या जागी अजून केस उगवले नव्हते, तिलाच एवढे दिवस खबर मिळत नव्हती. ती रोज पहाटे त्याच परसदाराने वाफ्याला पाणी घालायला जात होती.

मी तशीच, चपला न घालता अध्यक्षांच्या घरी गेले. ते फुलं तोडत होते. मी विचारलं, त्यांनी शांतपणे सांगितलं, "'पाहुणे' या शब्दानं त्यांना पुन्हा त्रास होईल, मॅडम. सगळ्यांच्या भल्यासाठीच काढलं." त्यांनी मला दोन जास्वंदीही दिल्या, देवाला वाहा म्हणून. मी ती फुलं घेऊन रस्त्यात किती तरी वेळ उभी होते. या माणसाला मी इतकी वर्षं ओळखते असं समजत होते.

परवा संध्याकाळी माझा मोबाईल वाजला. पाहुणे आले, मागची गल्ली. खिडकीतून पाहिलं, तर शेजारीण परसदारी वाकून वाळलेली मिरची गोळा करत होती. समोर, विकायला काढलेल्या घराच्या फाटकात अध्यक्ष एका तरुण जोडप्याला घर दाखवत होते. बाईच्या कडेवर मूल होतं. मी गच्चीवर चढले. शाळेच्या मैदानावर जो आवाज लावायची तो लावला.

"बिबट आला वो, बिबट. मिरची राहू दे. आत जा अन् दार लाव."

फाटकातली माणसं वर पाहू लागली. अध्यक्षांनी हात हलवून मला गप्प राहायची खूण केली. मी पुन्हा तेच म्हटलं, आणखी मोठ्याने. शेजारणीने परसदाराला आतून कडी घातल्याचं ऐकलं, तेव्हाच खाली उतरले.