सासऱ्या-जावयाचं रोम

प्राचीन रोममधल्या यादवीवर मी मराठीत कादंबरी लिहिते आहे, असं सांगितलं की लोक आधी "अरे वा" म्हणतात आणि मग विचारतात, "पण का?" अमेरिकेत, ॲशबर्नला आमच्या टाउनहाउसच्या मागे डेटा सेंटर आहे. त्याची घरघर ऐकत मी ऑफिसच्या आधी एक-दोन पानं लिहिते. नवरा त्याला "तुझं महाभारत" म्हणतो.

माझ्या कादंबरीत दोन सेनापती आहेत. इतिहासात त्यांना भारदस्त नावं आहेत, पण मी त्यांना सासरा आणि जावईच म्हणते, कारण ते होतेच. जावई सासऱ्यापेक्षा वयानं मोठा. लग्न राजकारणासाठी लावलेलं, तरी नवरा-बायकोचं जमलं, इतकं की लोक त्या जावयाला हसायचे. मुलगी होती तोवर दोघांनी एकमेकांशी जुळवून घेतलं. मग ती बाळंतपणात गेली, बाळही गेलं आणि काही वर्षांत दोघं एकमेकांवर फौजा घेऊन निघाले. एवढीच गोष्ट आहे. बाकी पानांत घोडे आणि भाषणं.

हे लिहीत होते तेव्हा मला सातवा महिना होता. त्यात काही विशेष आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

आई असती तर बाळंतपणाला तीच आली असती. ती नाही, म्हणून नागपूरहून बाबा आले. इतिहासाचे निवृत्त शिक्षक. येताना बॅगेत डिंक, खारीक आणि अळीव, आणि लाडू कसे वळायचे हे शेजारच्या काकूंकडून शिकून आलेले. नवरा पुण्याचा. दोघंही सज्जन आहेत. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

युद्धाला डिशवॉशरवरून तोंड फुटलं. बाबांच्या मते डिशवॉशर म्हणजे भांडी निथळायचं कपाट. दिवसभराची भांडी हातानं लख्ख घासून ते त्यात रचून ठेवत. नवरा रात्रीची खरकटी ताटं त्यातच खोचून मशीन सुरू करी. आपण घासलेलं पुन्हा धुतलं गेलं, हा बाबांना स्वतःचा अपमान वाटे. मग सकाळी मशीनमधून निघालेलं सगळं ते परत घासून काढत. आमच्या घरात कोरडं ताट मिळेनासं झालं.

मग हीटरच्या थर्मोस्टॅटवरून पेटलं. बाबा तो वर चढवत, नवरा खाली आणे. काही दिवसांत दोघांनी एकमेकांशी बोलणं बंद केलं आणि सगळा राजकीय व्यवहार माझ्यामार्फत सुरू झाला.

"जावईबापूंना सांग, फोडणी दिली की खिडकी उघडू नका म्हणा. थंडी येऊन राहिली."

"बाबांना सांग, नाही उघडली तर स्मोक अलार्म वाजतो."

दोघंही त्याच खोलीत, समोरासमोर. मी पोट सांभाळत मधल्या खुर्चीवर. जावई म्हणजे दशमग्रह, असं आपल्याकडे म्हणतात. सासरा कितवा ग्रह, ते मात्र कुणी सांगून ठेवलेलं नाही.

आठव्या महिन्यात माझं बीपी चढलं. डॉक्टरीणबाईंनी ऑफिस बंद केलं आणि बाळ कदाचित लवकर काढावं लागेल म्हणाल्या. मला भीती वाटत होती. स्वतःच्या जिवाची होतीच. पण त्याहून जास्त ही, की मला काही झालं तर ही दोन माणसं पुन्हा कधी एकमेकांचं तोंड पाहणार नाहीत, आणि माझ्या बाळाला आजोबा फक्त फोटोत दिसतील.

घरी पडून कादंबरी भराभर पुढे गेली आणि मुलीच्या मृत्यूपाशी आली. बाबा माझं पान न् पान वाचायचे.

"हे प्रकरण आत्ता नको लिहू," ते म्हणाले.

"काहून?"

"घोड्यांचं लिही. घोडे कमी पडून राहिले."

बाबा दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणारे. आमच्या घरात शुभ-अशुभ हा विषयच नव्हता, मांजर आडवं गेलं तर आम्ही मांजराला दूध द्यायचो. मी त्यांना आठवण करून दिली.

"नाहीच मानत मी," बाबा म्हणाले. "तरी नको लिहू."

संध्याकाळी नवऱ्यानं माझा लॅपटॉप उचलून बाजूला ठेवला. "यार, ते डेथवालं चॅप्टर होल्ड कर ना. डिलिव्हरीनंतर बघू."

"बाबाही तेच म्हणाले."

त्याला हे आवडलं नाही. म्हणाला, "त्यांचं रीझन वेगळं असेल."

पुढच्याच आठवड्यात ऑपरेशन करावं लागलं. नवरा आत आला, बाबा बाहेर बसले. मुलगी झाली. लहानखुरी, पण आवाज मोठा. आम्ही दोघी बऱ्या होतो.

मुलीनं जरा बाळसं धरलं तसं मी ते प्रकरण लिहून टाकलं. इतिहास काही बदलता येत नाही. बाबांनी जेवणाच्या टेबलावर ते वाचलं आणि टॅबलेट नवऱ्यासमोर सरकवला.

"वाचा," म्हणाले. मला मध्ये न घेता. मी सोफ्यावर मुलीला पाजत होते.

नवऱ्यानं वाचलं. "पुढे काय होतं?"

"जावई हरला. परक्या मुलखात पळाला. तिथल्या लोकांनी त्याचं डोकं कापून सासऱ्याला नजराणा म्हणून दिलं. तेव्हा सासरा रडला म्हणतात."

"इतक्या उशिरा?"

"मुलगी गेली तेव्हा सासरा दूर लढाईवर, जावई रोममध्ये," बाबा म्हणाले. "दोघं एका जागी बसून रडलेच नाहीत."

नवऱ्यानं टॅबलेट पालथा ठेवला. "बाबा, खरं सांगू? हिला काही झालं असतं ना, तर मी तुम्हाला परत कधी फोन केला नसता."

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "मीही उचलला नसता."

मला रडू आलं. कुणाचं लक्ष नव्हतं. दोघंही आपापले डोळे पुसण्यात गुंतले होते.

बाबा परत गेले. डिशवॉशरबद्दल त्यांचं मत शेवटपर्यंत तेच राहिलं. आता रविवारी सकाळी नवरा स्वतः नागपूरला फोन लावतो. मुलीला मांडीवर घेऊन तो बसतो आणि दोघं रोमवरून वाद घालतात: चूक कुणाची, सासऱ्याची की जावयाची. पुणेकर सासऱ्याची बाजू घेतो आणि नागपूरकर जावयाची. तासभर चालतं.

परवा मी पोळ्या आटोपून, हात पुसत बाहेर आले आणि बाबांशी बोलायला फोन मागितला.

"ठेवला त्यांनी," नवरा म्हणाला. "तुझं काही काम होतं का?"

"नाही," मी म्हटलं.