प्रभाकररावांची एकेचाळीस पानं

प्रभाकरराव थूल यांच्या गळ्यात ओळखपत्रासोबत एक पेनड्राइव्ह लोंबतो. त्यात साडेतीनशे फॉन्ट आहेत. सेलूत त्यांनी बावीस वर्षं टायपिंगचं दुकान चालवलं. ते बंद पडल्यावर आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस म्हणून आले. कुठेही अक्षरं फुटली की फॉन्ट टाकायचा, हा त्यांचा एकच इलाज. मी लॅबची प्रमुख, आणि या इलाजापुढे मी हात टेकले आहेत.

आमच्याकडे लिनक्स आहे. काळ्या पडद्यावर, म्हणजे टर्मिनलवर, आज्ञा टाइप करायची आणि अडलं तर तिथेच मदतीचं पान उघडायचं. ती पानं इंग्रजीत. आंजीहून येणाऱ्या मुली ती बघून गप्प बसतात, म्हणून या माणसाने स्वतःहून एकेचाळीस पानं मराठीत लिहिली. त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर ती छान दिसत. लॅबमध्ये उघडली की नुसती प्रश्नचिन्हं. असे आठ महिने गेले. शेवटी प्राचार्यांनी सांगितलं, सोमवारच्या प्रॅक्टिकलपर्यंत नीट दिसली नाहीत तर पुसून टाका.

सोमवारी सकाळी येऊन बघते तर हे महाशय बाराव्या मशीनवर फॉन्ट टाकत बसलेले. फॉन्टचा काही संबंध नाही, असं मी तिसऱ्यांदा सांगितलं. त्यांनी मान डोलावली आणि तेराव्या मशीनकडे गेले. भिंतीशी बोललेलं बरं.

मी चिडून स्वतःच पहिल्या मशीनवर बसले. कोणत्या भाषेची अक्षरं कशी दाखवायची, हे टर्मिनल एका सेटिंगवरून ठरवतं. त्याला लोकेल म्हणतात. तिथे मराठीचं नाव होतं, पण मराठी लोकेल मशीनवर तयारच केलेलं नव्हतं. ते नाव सगळ्या मशीनवर मीच घातलं होतं, गेल्या जूनमध्ये, घाईत. पुढची पायरी राहून गेली होती. दोन आज्ञा दिल्या, पुन्हा लॉगिन केलं आणि पान लख्ख उघडलं.

प्रभाकररावांनी चष्मा पुसून ते उभ्यानेच वाचलं.

“मॅडम, मंग मी पह्यल्यांदा लिवलं थेच बरोबर होतं काय?”

हो, म्हटलं, फाइलमध्ये काहीच बिघडलेलं नव्हतं.

ते स्टुलावर बसले. दुकानात एका फॉन्टमधला मजकूर दुसरीकडे फुटला की सगळा नव्याने टाइप करायचा, हीच रीत होती. म्हणून त्यांनी एकेचाळीसही पानं दर वेळी फॉन्ट बदलून पुन्हा टाइप केली होती. पहिली खेप धरून एकूण तीनदा, आणि तीही जुन्या फाइलवरच, आधीचा मजकूर पुसून.

“पह्यल्या खेपेले हर पानावर पाच-पाच उदाहरणं होती,” ते म्हणाले. “दुसऱ्या खेपेले दोन ठेवली. मंग हात दुखून राह्यले होते, तर नाईच टाकली.”

आता पानं पुसावी लागणार नव्हती. पण त्या मुलींना खरी गरज होती ती उदाहरणांची, आणि ती माझ्या अर्धवट कामापायी गेली होती.