सोळा हंगाम दाबून धरलेलं

बीडच्या दवाखान्यात डॉक्टरबाईंनी कागदावर नाव लिहून दिलं. क्रॉनिक कॉन्स्टिपेशन, म्हणजे वर्षानुवर्षं मुरलेली बद्धकोष्ठता. कॅन्सर नव्हता. तरी मी तिथंच रडले, कारण त्याच दमात त्या म्हणाल्या, "हे पूर्ण बरं होईलच, असं मी सांगणार नाही."

उमापूरजवळच्या आमच्या गावातून मी सोळा हंगाम ऊसतोडीला गेले. सहकारी कारखान्यामागं पाचटाच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, आडोसा कुठंच नाही. म्हणून आम्ही बाया दिवस मावळेपर्यंत धरून ठेवतो. जावंच लागू नये म्हणून पाणी घोटभर आणि भाकरी अर्धी. मी यात पटाईत होते. हसू नका, मला त्याचा अभिमान वाटायचा.

ताप आला तरी खाडा परवडत नाही. मुकादमाच्या ओळखीचा एकजण अँटिबायोटिक, म्हणजे जंतू मारायच्या गोळ्या द्यायचा. दोन दिवसांत उतार पडला की उरलेल्या मी पुढच्या तापासाठी पदराला बांधून ठेवायचे. पोट फुगलं की जुलाबाचं चूर्ण. आधी आठवड्यातून एकदा, मग रोज. शेवटी पोट चूर्णालाही दाद देईना.

यंदा आठ-आठ दिवस काहीच होईना आणि झालंच तर रक्त पडायचं. म्हणून मी तोडीला गेले नाही. घरी आमचे मालक, म्हणजे नवरा, म्हणाले, "पोट साफ व्हईना म्हणून कुणी बीडला जातं व्हय?" रक्ताचं सांगितल्यावर ते मला घेऊन निघाले.

कोलोनोस्कोपी सांगितली, म्हणजे खालून नळी घालून आतडं बघायचं. त्याआधी दोन लिटर पाण्यात औषध कालवून प्यायचं. दुष्काळात टँकर आठवड्यानं येतो. एकटीनं एवढं पाणी प्यायला मन धजेना. शेजारणीनं तिच्या हंड्यातलं दिलं, तिचे उपकार विसरणार नाही.

तपासणीनंतर बाकड्यावर तीन तास बसलो, मग डॉक्टरबाईंनी आत बोलावलं. "आतड्यात चांगले जंतूही राहतात, त्यांना इंग्रजीत गट बॅक्टेरिया म्हणतात. भाजी-डाळीचा चोथा हा त्यांचा चारा. तो खाऊन ते जे तयार करतात, त्यानं आतडं हलायला मदत होते. तुम्ही चारा तोडलात, पाणी तोडलंत, वर तापाच्या गोळ्यांनी हे जंतूही मारलेत. सगळं जंतूंमुळंच झालं असंही नाही. धरून धरून तुमची शौचाची कळही बोथट झालीय."

चारा म्हटल्यावर मला आमची गाय आठवली. ती गुरांच्या छावणीत होती आणि तिची वैरण चुकू नये म्हणून मी रोज दोन कोस चालत होते.

आता ताक, पालेभाजी, भरपूर पाणी आणि सकाळी ठरल्या वेळी बसणं, हा उपचार. गाय आटली, मळे वाळले, तरी जमेल ते खाते. दोन महिने रोज बसते. कळ येत नाही. आपलंच शरीर आपल्याशी बोलायचं बंद झालं, हे फार एकटं करून टाकतं.

पण माझा जीव अडकलाय तो लेकीत. सुरेखा लग्नानंतर दुसऱ्या हंगामाला गेलीय. तिला हे फोनवर सांगायचं कसं? फोन जावयाचा, तो शेजारीच बसलेला असतो. लाजेपायी मी दोन महिने घालवले. परवा न राहवून बोललेच. "बाई, पाणी पीत जा. लागली की ऊठ, धरू नको. मला त्यानंच झालं हे."

ती हसली. "आई, नको काळजी करू. आता दिवसभर मला लागतच न्हाई. तूच शिकवलंस की. इथल्या बाया म्हनत्यात, सुरेखा लई तयार हाय."

तिच्या आवाजात तोच माझा अभिमान होता.