मास्तरांनी बेतलेली खोली

मास्तरांना सगळी गल्ली मास्तर म्हणायची, पण त्यांनी आयुष्यात कुणाला धडा म्हणून शिकवला नव्हता. ते शिंपी होते. कोट शिवावा तर त्यांनीच, असं लोक म्हणायचे, आणि लोक म्हणायचं विसरले तर मास्तर स्वतःच म्हणायचे. गिऱ्हाईक पायरी चढून आत येईपर्यंत त्याचे खांदे, छाती आणि लपवलेलं पोट त्यांच्या डोक्यात उतरलेलं असे. टेप लावायची ती केवळ गिऱ्हाइकाच्या समाधानासाठी. बायकोच्या बाबतीत तर त्यांनी तेवढाही शिष्टाचार पाळला नाही. लग्नानंतर एकदा माप घेतलं ते घेतलं. "हिचं कापड मी डोळे मिटून कापतो," असं ते दुकानात चार माणसांत सांगत, आणि ती शेजारी काजं करत बसलेली असे, ती मान खाली घालून हसे.

ती बायको एका सकाळी जिन्यावरून घसरली आणि खुब्याचं हाड मोडून बसली.

ऑपरेशन झालं, लेक येऊन तिला आपल्या शहरात घेऊन गेली, हळूहळू ती काठी धरून चालूही लागली. पण डॉक्टरांनी बजावलं, जिन्याचं नाव काढायचं नाही. आणि मास्तरांचं घर म्हणजे जुन्या पद्धतीचं, उभं आणि अरुंद. खाली बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर, झोपायची खोली वर. झोपायचं तर जिना चढल्याशिवाय सुटका नाही.

"आई आता माझ्याकडेच राहील," लेक फोनवर म्हणाली.

"म्हणजे कायमची?"

"बाबा, तुम्हीच सांगा, त्या घरात ती झोपणार कुठे? तुम्हीही या ना. सोफ्यावर होईल तुमची सोय."

लेकीच्या मनात काही वाईट नव्हतं. तिचं घर दोन खोल्यांचं, त्यात माणसं चार. मास्तरांनी त्या सोफ्यावर दोनदा रात्र काढली होती आणि दोन्ही वेळा सकाळी त्यांना सरळ करायला जावयाला बोलवावं लागलं होतं.

"ती खाली झोपेल," मास्तर म्हणाले. "बैठकीच्या खोलीत. मी करतो ती खोली नीट."

"तुम्ही?"

त्या एका शब्दात इतका अविश्वास होता की मास्तर हट्टालाच पेटले. बऱ्याच वादावादीनंतर ठरलं ते असं: महिनाअखेरच्या रविवारी लेक आईला घेऊन येईल. आई पलंगावरून आपली आपण उठून, कुणाचा हात न धरता, जिन्याखालच्या संडासापर्यंत गेली आणि परत आली, तर ती इथे राहील. नाही जमलं, तर तिचे उरलेले कपडे बॅगेत भरून संध्याकाळच्या गाडीने दोघी परत जातील, आणि मग बाबांनी हा विषय काढायचा नाही.

मास्तर हो म्हणून बसले. फोन ठेवल्यावर त्यांनी खोलीकडे पाहिलं आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. भिंतींचे पोपडे सुटलेले, खिडकीखाली ओल, दोन फरश्या पाय ठेवला की डुलणाऱ्या, आणि मागच्या दारात असा उंच उंबरा की धडधाकट माणसानेही अडखळावं. सोफ्यात बसलेला पाहुणा तर हात दिल्याशिवाय वर येत नसे. या खोलीने इतकी वर्षं आल्यागेल्याचं केलं, पण तिचं स्वतःचं कुणी काही केलं नव्हतं.

शेजारी सुतार राहायचा. निवृत्त झालेला, पण हात शिवशिवत असलेला. तो लगेच कुंपणाच्या भिंतीवरून डोकावला.

"मास्तर, मी येतो की! आठवड्याचं काम आहे."

"चाळीस वर्षं मी माणसांना कापडात बसवलं," मास्तर म्हणाले. "बायकोला एका खोलीत बसवता येणार नाही होय मला? तू फक्त तुझी हत्यारं दे."

सुताराने हत्यारं दिली आणि रोज सकाळी गंमत बघायला खुर्ची टाकून बसू लागला. गंमत होतीच. मास्तर भिंतीवर शिंप्याच्या खडूने रेघा मारत. टाचण्या धरायच्या सवयीने स्क्रू ओठांत धरत, आणि त्याच तोंडाने सुताराला उत्तरं द्यायला जात, त्यामुळे अर्धे स्क्रू जमिनीवर आणि अर्धी उत्तरं पोटात. पहिल्या दिवशी त्यांनी पलंगाच्या फळ्या कापल्या. सगळ्या फळ्या दोन-दोन बोटं लांब निघाल्या.

"हे काय मास्तर?"

"माया सोडली," मास्तर म्हणाले. शिंपी शिवणीत आत जादा कापड ठेवतो, त्याला माया म्हणतात. पुढे माणूस जाड झाला तर उसवून सैल करता येतं.

"अहो, लाकूड आहे ते! दुमडणार कुठे?"

मास्तरांनी लाकडाकडे असं पाहिलं, जणू चूक त्याचीच होती. मग मुकाट्याने फळ्या पुन्हा कापल्या.

पोपडे खरवडायला लागल्यावर त्यांची बडबड कमी झाली. पांढऱ्याखालून हिरवा रंग निघाला, हिरव्याखालून पिवळा, पिवळ्याखालून कसलातरी गुलाबी. प्रत्येक रंगाच्या वेळी बायको रंगाऱ्याशी भांडली होती. गुलाबीच्या वेळी तर रंगारी काम अर्धं टाकून निघून गेला आणि उरलेली भिंत तिने पदर खोचून स्वतः रंगवली. मास्तरांना हातात खरवडायचा पत्रा धरून तिथेच बसावंसं वाटलं. घरात बोलायला कुणी नव्हतं. लेकीला ते सांगत की मी मजेत आहे, पण मजेत ते अजिबात नव्हते. ती परत आली नाही तर आपलं काय होईल, याची त्यांना भीती वाटत होती, आणि ती भीती ते दिवसभर सँडपेपरने घासत बसत.

आणि खोली झाली हो! सुतारसुद्धा म्हणाला, झाली. ओल काढून भिंती गुळगुळीत केल्या, त्यावर ताकासारखा पांढरा रंग दिला. फरश्या काढून पुन्हा बसवल्या. उंबरा उखडला आणि तिथे उतरती पट्टी ठोकली. सोफा सुताराच्या गळ्यात मारला. भिंतीलगत नवा पलंग आला. पलंगापासून मागच्या दारातून थेट संडासापर्यंत त्यांनी भिंतीला गोल लाकडी दांडी लावली, हाताला कुसळ लागू नये म्हणून पॉलिश करकरून आरशासारखी केलेली.

"दांडीची उंची कशावरून धरली?" सुताराने विचारलं.

मास्तरांनी खडूने माखलेलं बोट कपाळावर टेकवलं. "कोपरापासून जमिनीपर्यंत. हिचं माप आहे इथे."

रविवारी दोघी आल्या. बायको दारात काठी टेकून उभी राहिली आणि तिने खोलीवरून सावकाश नजर फिरवली. मास्तर एखाद्या नवशिक्याने पहिला कोट दाखवावा तसे हात मागे बांधून उभे होते.

"किती उजेड झालाय हो," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले. लेकसुद्धा भिंतीवरून हात फिरवून बघू लागली. पण लेकच ती. तिने बॅग दाराजवळ ठेवली ती ठेवलीच.

"चल आई. बस पलंगावर, आणि ऊठ."

ती बसली. तिचे पाय जमिनीला टेकले नाहीत. चपलेची टोकं तेवढी लागली. ती पुढे सरकत सरकत कशीबशी खाली आली, तोल सावरायला दांडी धरली, तर खांदा कानापर्यंत गेला. असा हात वर ठेवून माणूस किती चालणार? चार पावलांत तिच्या दंडाला रग लागली, हात सुटला आणि ती भिंतीवर रेलली. लेकीने धावत जाऊन धरलं.

"बघितलंत बाबा?"

"असं कसं होईल?" मास्तर पुढे आले, दांडीला हात लावून बघू लागले. "माप बरोबर आहे. तीच सरळ उभी राहत नाहीये. अगं, सरळ उभी राहा ना जरा!"

"सरळच उभी आहे मी."

"मग माप..."

"अहो," ती हळूच म्हणाली, "ते माप आता माझं नाही."

मास्तरांना कळेना. ती लेकीच्या आधाराने पलंगाच्या कडेला टेकली.

"तुम्ही शिवलेला प्रत्येक गाऊन मी उसवून लहान करते. खांदे आत घेते, खालून दुमडते. माणूस म्हातारपणी आटतो हो. तुम्हीच गिऱ्हाइकांना सांगायचात."

"केव्हापासून?"

"झाली बरीच वर्षं."

"आणि बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? डोळे मिटून कापतो म्हणून सांगायचात सगळ्यांना. मला आवडायचं ते." तिने त्यांच्याकडे पाहिलं. "पण कधीतरी डोळे उघडून बघितलं असतंत, तर तेही आवडलं असतं."

मास्तरांना कुणीतरी मुस्काटात मारल्यासारखं झालं. अनोळखी म्हातारे दुकानात आले की त्यांचा खांदा किती उतरला, पाठ किती वाकली, हे त्यांना दारातच दिसे. आणि रोज समोर बसून जेवणारी ही बाई वीतभर खाली आली तरी त्यांना पत्ता नव्हता. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवलीही नाही.

"चुकलो मी," ते म्हणाले. "उभी राहा. माप घेतो."

तिला भिंतीशी उभं करून त्यांनी गुडघ्यावर बसून माप घेतलं. कोपर, मनगट, गुडघा. प्रत्येक माप दोनदा घेतलं. मग त्यांनी रंगवलेल्या भिंतीवरची दांडी उपसून काढली. पांढऱ्याशुभ्र भिंतीत ओळीने भोकं दिसायला लागली. लेक म्हणाली, "बाबा, रंग!" मास्तर म्हणाले, "मसणात गेला रंग." कुंपणाच्या भिंतीपलीकडून सुताराचं डोकं वर आलं होतंच. या वेळी मास्तरांनी त्याला आपण होऊन आत बोलावलं. दोघांनी मिळून दांडी खाली घेतली, पलंगाचे चारही पाय कापले. लेक घड्याळाकडे बघत होती, पण तीसुद्धा मधूनच दांडीचं टोक धरून उभी राहत होती.

सगळं झाल्यावर बायको पुन्हा पलंगावर बसली. या वेळी तळवे जमिनीवर नीट टेकले. ती उठली, दांडी धरली आणि निघाली. ती मागच्या दारातून वळली, दिसेनाशी झाली, आणि जरा वेळाने आतून पाण्याचा आवाज आला. मग ती तशीच दांडीवरून हात सरकवत परत आली आणि पलंगावर बसली. सुताराने टाळी वाजवली, मग आपण काय केलं हे लक्षात येऊन तो हत्यारं गोळा करून घरी पळाला.

"जमलं बाई," लेक म्हणाली. तिचा चेहरा एकदम सैल पडला होता. "राहा मग इथेच. जिंकले बाबा."

मास्तर इतके खूश झाले की भुशाने माखलेले हात त्यांनी सदऱ्यालाच पुसले. बायको मात्र पलंगावर हात फिरवत होती. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. पलंग लहान होता, त्यामुळे हात लवकरच दुसऱ्या कडेला पोचला.

"आणि तुम्ही कुठे झोपणार?" तिने विचारलं.

"मी? मी वर," मास्तर उत्साहाने म्हणाले. "माझ्या घोरण्याचा तुला त्रास नको. पलंग मुद्दामच लहान केलाय, चालायला जागा राहते. काही लागलं तर हाक मार, येतोच मी खाली."

तिने पलंगाच्या कडेवरचा हात उचलला. मग काठी जवळ ओढत लेकीला म्हणाली, "माझे कपडे घे गं बॅगेत. मी येते तुझ्याबरोबर."



"अगं, पण जमलं ना तुला सगळं!" मास्तर ओरडलेच.

"जमलं की. खोली छान झालीये. पण हॉस्पिटलात मी इतके दिवस भिंतीकडे तोंड करून एकटी झोपले. घरी येऊनही तेच करायचं असेल तर हिच्याकडे काय वाईट आहे? तिथे निदान शेजारच्या खोलीत कुणी खोकलेलं तरी ऐकू येतं." तिने काठी फरशीवर आपटली. "तुमच्या घोरण्याचा मला त्रास होतो, असं मी कधी म्हणाले होते? मला कुणी काही विचारतच नाही. ती म्हणते माझ्याकडे राहील, तुम्ही म्हणता खाली झोपेल. मी म्हणजे काय बाई, कोपऱ्यात ठेवायचं गाठोडं आहे का?"

लेकीने मान खाली घातली. मास्तर खोलीच्या मधोमध उभे होते. पांढऱ्या भिंती, भोकं, कापलेले पाय, भुसा. एवढ्या कष्टाने त्यांनी ही खोली एका माणसापुरती बेतली होती, आणि आपण तिची काळजी घेतोय असं त्यांना अगदी मनापासून वाटत होतं.

"तुला काय पाहिजे?" त्यांनी विचारलं. हा प्रश्न विचारताना त्यांचा आवाज त्यांनाच ओळखू येईना.

"तुमची गादी," ती म्हणाली.

मास्तर जिन्याकडे निघाले. दोन पायऱ्या चढून त्यांनी मागे पाहिलं, तर लेक बॅग तिथेच सोडून त्यांच्या मागोमाग येत होती. वरची गादी जुनी आणि जडच्या जड. ती दोघांनी पलंगावरून ओढली, जिन्याशी आणली, आणि वळणावर ती अशी काही अडकली की ना वर ना खाली. मास्तर गादीच्या वरच्या अंगाला, लेक खालच्या.

"थांबा, नुसते ढकलू नका!" खालून आवाज आला. बायको दांडी धरून एकटीच जिन्याच्या पायथ्याशी येऊन उभी राहिली होती. "उभी करा आधी. आता माझ्याकडे सोडा. घाबरू नका हो, मी आहे इथे."