गुडघ्याचं निमित्त

ढाणकीच्या स्टँडवर वडिलांनी माझी पत्र्याची पेटी एसटीच्या टपावर चढवली आणि खिडकीशी येऊन उभे राहिले. मी नर्सिंगच्या ट्रेनिंगसाठी यवतमाळला निघाले होते. आई स्टँडवर आली नव्हती. घरी हळद शिजवायचं काम चाललं होतं. ती फक्त गल्लीच्या टोकापर्यंत आली, तीही पिवळे झालेले हात पाठीमागे धरून, माझ्या नव्या पातळाला डाग लागू नये म्हणून. गाडी सुरू झाली तेव्हा वडील म्हणाले, "शहराले नर्सा लय हायेत. शिकली की गावातच येजो."

मी मान हलवली. पुढे सगळी नोकरी मी तशीच मान हलवत राहिले. यवतमाळच्याच सरकारी दवाखान्यात लागले, लग्न झालं, नवरा लवकर गेला, लेक शिकून पुण्याला स्थायिक झाली. गावी गेले की बाया विचारायच्या, "बाई, कवा येता मंग?" मी म्हणायची, "रिटायर झाले की येतेच." असं म्हणताना छातीत बरं वाटायचं. दान करताना लोकांना वाटत असेल, तसं.

गावाने ते खरं धरलं होतं. धाकट्या भावाने, सिद्धार्थने, घरामागे माझ्यासाठी एक खोली बांधली, आत संडास-बाथरूमसकट. सेवानिवृत्तीचा निरोप समारंभ झाला आणि मी गेले. खोटं सांगत नाही, आनंदाने गेले. यवतमाळचा माझा फ्लॅट मात्र विकला नाही, नुसतं कुलूप लावलं. लेक फोनवर म्हणाली, "आई, भाड्याने तरी दे." मी म्हटलं, बघू.

गावात सकाळी चहा व्हायच्या आत अंगणात बाया बसलेल्या असत. कुणाचं बीपी बघायचं, कुणाच्या लेकराचा ताप, कुणाच्या सुनेला दिवस गेलेले. मला ते जमायचं, आवडायचंही. एकदा एका गरोदर पोरीच्या पायावर सूज दिसली, बीपी वाढलेलं होतं. मी तिला तिथल्या तिथे जीप करून उमरखेडच्या दवाखान्यात पाठवलं. बाळ-बाळंतीण सुखरूप घरी आली. त्या दिवशी गल्लीतली एक म्हातारी माझ्या तोंडावरून हात फिरवून म्हणाली, "आता आमाले कायचीच भीती नाई."

आणि मला भीती वाटली. मी आयुष्यभर वॉर्डात "सिस्टर, सिस्टर" अशा हाका ऐकल्या होत्या. आता मरेपर्यंत त्या संपणार नव्हत्या. दुपारी दार लोटून पेपर वाचत पडले, की भावजय कांता लगेच दारात यायची. "बाई, बरं नाई वाटून राह्यलं का?" तिच्या लेखी, धडधाकट माणूस दिवसा दार लावत नाही. मी "मला" म्हटलं, की शेजारची पोरं हसायची. मी मुद्दाम "मले" म्हणायला लागले, तर आणखीच हसायची. कुणी वाईट वागलं असतं तर सोपं गेलं असतं. कुणीच वाईट वागलं नाही.

मला माझा फ्लॅट आठवायचा. उन्हाळ्यात नळाला पाण्याचा पत्ता नसतो, टँकरवरून भांडणं होतात, जिन्यात कायम कुणाची तरी सायकल आडवी. तरीही तोच आठवायचा. संध्याकाळी शबाना सिस्टरबरोबर मैदानाला फेऱ्या मारायच्या. ती माझ्याच वॉर्डातली, माझ्याबरोबरच रिटायर झालेली. परत येऊन आपल्या किल्लीने आपलं दार उघडायचं. तिथं कुणाला माझी गरज नव्हती. ते शहर मला आवडत होतं ते त्यासाठीच, आणि हे मी कुणाला सांगणार होते?

म्हणून मी गुडघे पुढे केले. "लय दुखतात. डॉक्टर यवतमाळचाच पाहिजे, ट्रीटमेंट लांबेल." लगेच सगळं गाव माझ्या गुडघ्यांच्या मागे लागलं. त्याच म्हातारीने उन्हातान्हात बांधावर जाऊन निर्गुडीचा पाला तोडून आणला. कांताने तो वाफवून बांधला. मी पाय पसरून बसले होते आणि ती खाली बसून माझ्या धड गुडघ्याला फडकं गुंडाळत होती. तिच्या केसांतला भांग मला वरून दिसत होता. तेव्हा तरी बोलायला हवं होतं. मी म्हणाले, "जरा घट्ट बांध."

यवतमाळला आले, खिडक्या उघडल्या, धूळ झटकली आणि चक्क गुणगुणायला लागले. मग आपलाच आवाज ऐकून गप्प झाले. फोन यायचे. मी सांगायची, फरक आहे, पण हळूहळू.

दिवाळीनंतर एका संध्याकाळी मी आणि शबाना मैदानाची फेरी घेत होतो. शबानाने वॉर्डातल्या जुन्या मेट्रनची नक्कल केली आणि मी मोठ्याने हसले. हसता हसता फाटकाकडे नजर गेली. तिथे कांता उभी होती. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात स्टीलचा डबा. माझ्या दाराला कुलूप होतं, म्हणून शेजारणीने तिला इकडे पाठवलं होतं. ती किती वेळ उभी होती कोण जाणे.

"गुडघे बरे झाले वाट्टे, बाई," ती म्हणाली. टोमणा नव्हता. तिला खरंच बरं वाटलं होतं.

घरी येऊन तिने डबा ओट्यावर ठेवला. जवसाचे लाडू होते, सांध्यांना चांगले म्हणून. पिशवीत निर्गुडीचा पाला, ओल्या कपड्यात बांधलेला. मी चहा टाकला आणि तिच्याकडे पाठ करूनच सगळं सांगितलं. गुडघ्याला काही झालेलं नाही. मला तिथं राहायचं नव्हतं.

तिने डब्याचं झाकण नीट दाबलं. मग म्हणाली, "आमी काय तुमाले बांधून ठेवलं असतं?"

"बांधलं नसतं गं. पण मला तोंड दाखवता आलं नसतं."

"मंग आता?"

चहा उतू गेला.

दुसऱ्या दिवशी ती जाईल असं मला वाटलं होतं. सकाळी मी भाजी आणायला गेले. परत आले तर ती गॅलरीत खुर्चीवर बसलेली होती, जाताना जशी सोडली तशीच. हातात काम नव्हतं. मला बघून दचकली आणि उठायला लागली.

"बस ना."

"कोनी हाकच मारत नाई व बाई इथं," ती म्हणाली. आणि थोड्या वेळाने, खाली बघत, "मी राहू का चार दिवस?"

दुपारी सिद्धार्थचा फोन आला. कांता आतल्या खोलीत गेली, पण आवाज ऐकू येत होता. "बाईचे गुडघे लय दुखून राह्यले. उठता बी येत नाई. मी थांबते." फोन ठेवून बाहेर आली आणि आम्ही दोघी एकमेकींकडे बघून पोट धरून हसलो.

हसू ओसरलं आणि मला आधीपेक्षा जास्त लाज वाटली. गावात होते तोवर मी फक्त माझ्या दाराचा विचार करत होते. ही तर त्या घरात आली तेव्हापासून एकदाही दार लावून बसली नव्हती. आम्ही दोघी नणंद-भावजय, एकाच गोष्टीला आसुसलेल्या, आणि मी तिला माझं बरं-वाईट बघायला येणारी बाई समजत होते.

"माझी खोली रिकामीच आहे ना तिथं," मी म्हटलं. "दुपारी कडी लावून पडत जा की."

"ते तुमची हाय."

"आता तुझी."

तिने गॅलरीच्या दाराची कडी एकदा लावून-काढून बघितली.

ती निघाली त्या दिवशी मी तिला स्टँडवर सोडायला गेले. गाडीत बसून तिने खिडकीची काच सरकवली. "गावात काय सांगू?"

"खरं सांग."

"तुमीच सांगा. मी माझ्या वाट्याचं खोटं बोलून बसली."

म्हणून हे लिहिते आहे. गावातल्या तुम्हा सगळ्यांसाठी. सिद्धार्थ मोठ्याने वाचून दाखवेल. आणि गाव सोडून नागपूर, पुणे, हैदराबाद गाठलेल्या, दर सुट्टीत "येतेच", "येतोच" म्हणणाऱ्या माझ्यासारख्यांसाठीही. माझे गुडघे धड आहेत. वडिलांना दिलेला शब्द मी पाळलेला नाही आणि आता पाळीन असं वाटत नाही. महिन्यातून एकदा येईन, जमेल ते बघीन, आणि दुसऱ्या दिवशी परत जाईन. राग आला तर समोर बोला. ज्या आजीने पाला तोडला तिच्यापुढे मी कशी उभी राहणार आहे, ते मला अजून माहीत नाही.

त्या दिवशी कांताची गाडी गेली. मी स्टँडबाहेर येऊन ऑटोत बसले.

"कुठी जाचं, मावशी?" ऑटोवाल्याने विचारलं.

"घरी," मी म्हणाले.

तो आरशातून माझ्याकडे बघत थांबला. शब्द इतका सहज तोंडातून गेला होता की माझं मलाच खाली बघावंसं वाटलं. पण मी तो बदलला नाही. पुढे फक्त पत्ता सांगितला.