भेगेत गेलेलं जोडवं

माणूस मातीतून येतो आणि शेवटी मातीत जातो, हे तोंडाने सगळेच म्हणतात. पण मधली सगळी वर्षंही मातीतच घालवायची असतात असं मानणारा माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे माझ्या ताईचे सासरे. घरातले त्यांना अण्णा म्हणत. नोकरीभर ते ओझरला विमानाच्या कारखान्यात फिटर होते, एका सुताचा फरक नुसत्या बोटाने सांगायचे. पण विमानाबद्दल त्यांनी घरी कधी चकार शब्द काढला नाही. विमान वर जातं आणि खाली येतं, त्यात सांगण्यासारखं काय, असं त्यांचं मत. बोलायचे ते काळ्या मातीबद्दल. तीही शेतातली नव्हे, तर येवल्याच्या पुढे असलेल्या त्यांच्या गावच्या गायरानातली. गावची गुरं चरायला सोडायचं ते उघडं रान. तिथे पाऊस पाहुण्यासारखा येतो आणि चहा घेऊन निघून जातो, बाभळीखेरीज सावली नाही, आणि उन्हाळ्यात जमिनीला अशा भेगा पडतात की करडू पाय जपून टाकतं. या रानाविषयी अण्णा असं बोलत की ऐकणाऱ्याला वाटावं, त्यांची दुसरी सासुरवाडी तिथेच असावी.

ताईला पाहायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या घरात अजून सांगतात. पोह्यांच्या बशा आल्या. बाकीच्यांनी लिंबू पोह्यांवर पिळलं. अण्णा लिंबाची फोड हातात घेऊन उठले, परसात गेले, एक ढेकूळ घेऊन आले, ते बशीच्या काठावर ठेवलं आणि सगळ्यांदेखत त्यावर लिंबू पिळलं. मग कान जवळ नेऊन ऐकत बसले. बाबांचा चेहरा उतरला. आईला वाटलं, लिंबू कडू निघालं. बऱ्याच वेळाने अण्णा म्हणाले, "जराशी फसफसती. चुनखडी हाय. जमीन चांगली, म्हंजी माणसं बी चांगलीच असणार. आम्हाला पसंत हाय." ताईला त्यांनी एकही प्रश्न विचारला नव्हता. ती पुढे बरीच वर्षं म्हणायची, की मला ढेकळाने पास केलं.

ओझरजवळच्या कॉलनीतलं त्यांचं घरही काळ्या मातीवरच उभं होतं. पावसाळ्यात जमीन फुगे आणि घराची दारं चौकटीत बसेनाशी होत. उन्हाळ्यात जमीन आकसली की त्याच दारांच्या फटीतून मांजर ये-जा करे. न्हाणीघराचं दार तर श्रावण-भाद्रपदात लागतच नसे, त्यामुळे त्या दिवसांत घरातला प्रत्येक जण आंघोळ करताना मोठ्याने गाणं म्हणे, आणि ते गाण्याच्या आवडीने नव्हे. ताईने एकदा गुपचूप सुताराला बोलावलं. अण्णांनी त्याला रंधा पिशवीतून काढूच दिला नाही; चहा पाजून वाटेला लावलं. "जमीन श्वास घेती सूनबाई. दारासाठी तिनं काय श्वास कोंडून बसायचं?" नंतरही ताईने दाराचा विषय काढून पाहिला, पण पालथ्या घड्यावर पाणी.

त्यांच्याकडे एक लांब दांड्याची काळी छत्री होती. ती पावसात उघडलेली कुणी पाहिली नाही. तिचं काम एकच, भेगांची खोली मोजणं. उन्हाळ्यात महिन्यातून दोनदा ते एसटीने गावी जात, गायरानात ठरलेल्या तिसऱ्या बाभळीखाली छत्री भेगेत सोडत आणि तिथूनच ताईला ऑफिसात फोन करत. ताई मीटिंगमध्ये असो की साहेबासमोर, पलीकडून आवाज येई, "सूनबाई, आज मुठीपर्यंत गेली." एवढं सांगून फोन बंद.

एकदा आश्विनात ते मलाही घेऊन गेले. सुनेचा भाऊ म्हणून मला ते मोठ्या मानाने "पाव्हणं" म्हणत, आणि त्याच मानाने चिखलात नेत. आदल्या दिवशी पाऊस होऊन गेला होता. "पाव्हणं, चपला काढून हातात घ्या," ते म्हणाले. मी शहाणपणा केला, काढल्या नाहीत. वीसेक पावलांत माझ्या एकेका पायाला दोन-दोन किलोचा गोळा लागला, आणि पुढच्या पावलाला डावी चप्पल जमिनीतच राहिली. मी वैतागून म्हणालो, "काय चिकट माती आहे हो ही." अण्णा थांबले. "चिकट नाय, मायाळू हाय. आलेल्याला सोडत नाय." आणि मग तिसऱ्या बाभळीखाली उभं राहून त्यांनी मला जोडव्याची गोष्ट सांगितली.

अण्णांच्या लग्नाला वर्ष व्हायचं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीत ते गावी आले होते आणि बायकोबरोबर म्हशी घेऊन गायरानात गेले होते. ती याच बाभळीखालच्या भेगेच्या काठावर पाय सोडून बसली, पाय हलवत काहीतरी सांगत होती, आणि उजव्या पायातलं सैल जोडवं अलगद खाली गेलं. अण्णा तारेचा आकडा करून दिवस मावळेपर्यंत पोटावर पडून राहिले. म्हशी आपल्या आपण घरी गेल्या आणि गावाला वाटलं, नवरा-बायको भांडून कुठेतरी निघून गेले. जोडवं सापडलं नाही. नवी जोडी आली, तीही झिजली. अण्णांचा शोध मात्र थांबला नाही. त्यांचं म्हणणं असं, की ही माती स्वतःला उलटीपालटी करते. उन्हाळ्यात वरची भुसभुशीत माती भेगेत पडते, पावसाळ्यात खालची फुगून वर रेटते, आणि म्हणून या रानात दरवर्षी नवे दगड वर आलेले दिसतात. "एवढाला दगूड वर येतो," ते म्हणाले, "मग जोडवं का नाय येणार? येळ लागंल. पण ती ठिवून घेत नाय." त्यांची बायको असेपर्यंत या शोधाला हसायची. ती गेल्यावर हसणारं कुणी उरलं नाही. जोडीतलं दुसरं जोडवं अण्णांच्या चष्म्याच्या घरात असायचं, आणि चष्मा शर्टाच्या खिशात सुटा.

मग गायरानावर सौरऊर्जेचा प्रकल्प आला. अण्णा छत्री घेऊन तिथल्या इंजिनिअरकडे गेले, मी बरोबर होतो. तो मुलगा भला होता. म्हणाला, "काका, ही माती बांधकामाच्या पायाला चालत नाही, हलत राहते. पार मुरुमापर्यंत उकरून बाहेर टाकणार." काळ्या मातीची निंदा ऐकून ते गप्प बसलेले मी तेव्हाच पाहिले. परत निघताना त्यांनी एवढंच मागितलं, की तिसऱ्या बाभळीखालची एक ट्रॉली माती मला द्या.

ती ट्रॉली ओझरला आली. अंगणात दोन हात खड्डा करून त्यांनी माती त्यात भरली. शेजारी विचारू लागले, काय लावणार? अण्णा म्हणाले, काय नाय. ताई व्यवहारी, ती पहिल्याच रविवारी धान्याची मोठी चाळण घेऊन आली. म्हणाली, "अण्णा, आपण सगळे बसू. दोन दिवसांत चाळून होईल, असेल तर सापडेल." अण्णांनी चाळणीकडे पाहिलं. "आन् नसंल तर?" ते म्हणाले. ताई चाळण घेऊन आत गेली. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

त्यांच्या शेवटच्या उन्हाळ्यात त्या मातीला पहिल्यांदा मनासारखी भेग पडली. त्यांना वाकता येत नव्हतं. मला बोलावून घेतलं, चष्म्याचं घर उघडलं आणि जोडवं माझ्या तळहातावर ठेवलं. इतकं हलकं असेल असं वाटलं नव्हतं. "सोडा भेगंत," म्हणाले. मी म्हणालो, "अण्णा, हे एकच तर राहिलंय." ते म्हणाले, "म्हनून तर. आता वर येतील तर जोडीनं येतील." मी सोडलं. आवाजसुद्धा आला नाही. अण्णा बराच वेळ कान देऊन उभे होते, पोह्यांच्या बशीपाशी बसले होते तसे.

त्याच पावसाळ्यात ते गेले. मला त्यांची आठवण फार येते, आणि कुठल्याही चिखलात पाय पडला की जास्तच येते. ताईच्या घराची दारं अजून तासलेली नाहीत. अंगणातल्या त्या चौकोनात ती काही लावत नाही, उन्हाळ्यात पाणी घालत नाही, कुणाला घालूही देत नाही. गेल्या चैत्रात भर दुपारी तिचा फोन आला. मी कामात होतो, म्हटलं, काय गं, काही झालं का?

"काही नाही रे," ती म्हणाली. "आज मुठीपर्यंत गेली."